हाक आणि मान

संध्याकाळची वेळ होती. तालुक्याच्या गावातील सरकारी रुग्णालयात दिवे नुकतेच लागले होते. स्त्रियांच्या कक्षात, खिडकीजवळच्या खाटेवर एक आजी पडून होत्या. अंगणात पाय घसरून त्यांच्या मांडीचे हाड मोडले होते. त्यांचा बारा वर्षांचा नातू घरून डबा घेऊन आला होता आणि उशाशी स्टुलावर बसून कक्षातील हालचाल न्याहाळीत होता.

कक्षात वीस खाटा होत्या आणि त्या विसांकडे पाहणारी परिचारिका एकटीच होती. अर्ध्या तासात त्या मुलाने तिला कितीतरी तऱ्हांनी मारलेल्या हाका ऐकल्या. कोणी ‘सिस्टर’ म्हणे, कोणी ‘नर्सबाई’, कोणी ‘ताई’. त्याच्या आजींनी ‘अगं पोरी’ म्हणून बोलावले. दाराशी उभा असलेला एक गृहस्थ मात्र नुसताच ‘शुक शुक’ करीत होता. ती वळून पाहीना, तेव्हा तो मोठ्याने म्हणाला, “ए बाई, ऐकू येत नाही का?”

परिचारिका त्या वेळी एका रुग्णाच्या शिरेत सलाईनची सुई बसवीत होती. तिने मान वर केली नाही. सुई नीट बसली आहे याची तिने खात्री करून घेतली, घड्याळ समोर धरून नळीतील थेंबांची गती मोजली, रुग्णाच्या पत्रकावर वेळ लिहिली, हात धुतले आणि मग दाराशी जाऊन तिने शांतपणे विचारले, “बोला काका, काय हवे आहे?”

घरी निघण्यापूर्वी मुलाने विचारले, “आजी, यांना नेमके काय म्हणायचे ग?”

आजी क्षणभर विचारात पडल्या. मग म्हणाल्या, “काहीही म्हण बाळ. ती सगळ्यांनाच ओ देते.”

मुलाचा प्रश्न साधा होता. परंतु त्याचे उत्तर तितकेसे साधे नाही. आपण एखाद्याला ज्या नावाने हाक मारतो, त्या नावातच त्याच्या कामाविषयीचे आपले मत दडलेले असते. त्याच कक्षात फेरीसाठी आलेल्या डॉक्टरांना कोणी ‘शुक शुक’ केले नाही. ‘डॉक्टर’ या शब्दात ज्ञानाचा मान आहे, हे सर्वांना ठाऊक असते. मग रुग्णाजवळ रात्रंदिवस असणाऱ्या व्यक्तीच्या नावात कोणता मान आहे? हे जाणण्यासाठी त्या नावांचा इतिहास पाहिला पाहिजे.

प्रथम आपल्या भाषेतील शब्दच पाहू. ‘परिचर्या’ या शब्दात ‘परि’ म्हणजे सभोवार आणि ‘चर्’ म्हणजे वावरणे, हे दोन भाग आहेत. रुग्णाच्या सभोवार जी वावरते, त्याला काय हवे-नको ते पाहते, ती परिचारिका. ‘शुश्रूषा’ हा शब्द तर याहून मनोवेधक आहे. तो ‘श्रु’ म्हणजे ऐकणे या धातूपासून झाला असून, ‘ऐकण्याची इच्छा’ असा त्याचा मूळ अर्थ आहे. रुग्णाचे बोलणे, त्याचे कण्हणे, किंबहुना त्याचे गप्प राहणेही जी लक्षपूर्वक ऐकते, तीच खरी शुश्रूषा करू शकते. इंग्रजीतील ‘नर्स’ हा शब्द पोषण करणे या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आला आहे. आणि ‘सिस्टर’ म्हणजे बहीण. मध्ययुगीन युरोपातील पुष्कळशी रुग्णालये ख्रिस्ती मठांच्या आश्रयाने चालत. तेथे रुग्णांची सेवा करणाऱ्या व्रतस्थ स्त्रियांना ‘भगिनी’ म्हणत. मठांचे दिवस गेले, तरी ती हाक रुग्णालयात मागे राहिली आणि तिच्याबरोबर आपल्याकडेही आली.

भारतीय वैद्यकातही या कामाचे स्थान मोठे होते. चरकसंहितेत उपचाराचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाच्या अंगी चार गुण असावेत, असेही त्या ग्रंथात म्हटले आहे. परिचर्येचे ज्ञान, कामातील दक्षता, रोग्याविषयी माया आणि स्वच्छता हे ते चार गुण होत. खाटेचा एक पाय तोकडा असेल तर खाट डळमळते. तसेच या चारांपैकी एक पाद दुबळा असेल तर उपचार सिद्धीस जात नाही. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ग्रंथकाराने या गुणांत माया सांगितली आहेच. परंतु तिच्या आधी ज्ञान सांगितले आहे.

तथापि ग्रंथात मान असणे वेगळे आणि व्यवहारात मान असणे वेगळे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमध्ये रुग्णालयातील परिचारिकेचे काम हलक्या प्रतीचे समजले जाई. वेतन तुटपुंजे, शिक्षण काहीच नाही आणि काम अतिशय कष्टाचे. त्यामुळे ज्यांना दुसरा कोणताच आधार नसे, अशाच स्त्रिया बहुधा या कामाकडे वळत. चार्ल्स डिकन्स या प्रसिद्ध कादंबरीकाराने १८४३-४४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘मार्टिन चझलविट’ या कादंबरीत सेअरी गॅम्प नावाची एक परिचारिका रंगवली आहे. ती मद्य पिते आणि रुग्णापेक्षा आपल्या खाण्यापिण्याचीच चिंता अधिक वाहते. हे पात्र इतके गाजले, की त्या काळी अडाणी परिचारिकेला लोक तिच्याच नावाने ओळखू लागले. ज्या कामाचे नावच चेष्टेचा विषय व्हावे, त्या कामात कोणती शिकलेली मुलगी जाणार?

अशा काळात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी हा मार्ग निवडला. त्यांचा जन्म १२ मे १८२० रोजी एका श्रीमंत इंग्रज कुटुंबात झाला. मुलीने रुग्णालयात काम करावे, ही कल्पनाच तिच्या आईवडिलांना सहन होईना. अनेक वर्षे त्यांचा विरोध सोसून अखेर १८५१ साली फ्लॉरेन्स यांनी जर्मनीतील कायझर्सवर्थ येथे परिचर्येचे शिक्षण घेतले. पुढे क्रिमियाचे युद्ध सुरू झाले. जखमी इंग्रज सैनिकांचे हाल होत असल्याच्या वार्ता वृत्तपत्रांत येऊ लागल्या. तेव्हा ३८ परिचारिकांना बरोबर घेऊन त्या तुर्कस्तानातील स्कुटारी येथील लष्करी रुग्णालयात गेल्या. ही गोष्ट नोव्हेंबर १८५४ मधील.

तेथे जमिनीवर सैनिकांच्या रांगा लागल्या होत्या. इमारतीखालची गटारे तुंबली होती. जखमांपेक्षा रोगांनीच अधिक माणसे दगावत होती. फेब्रुवारी १८५५ मध्ये तेथे मृत्यूचे प्रमाण शंभरात सुमारे ४२ पर्यंत चढले. मार्च महिन्यात सरकारने पाठवलेल्या आरोग्य मंडळाने गटारे उपसली, भिंतींना चुना दिला, हवा खेळती केली. आणि जूनपर्यंत ते प्रमाण शंभरात दोहोंच्या आसपास उतरले. नाइटिंगेल यांनी हे आकडे काळजीपूर्वक जमवले. युद्धानंतर त्यांनी ते रंगीत आकृत्यांच्या रूपाने राज्यकर्त्यांपुढे मांडले आणि सैनिक शत्रूच्या गोळीपेक्षा अस्वच्छतेने अधिक मरतात हे दाखवून दिले. संख्याशास्त्रातील या कार्याबद्दल १८५८ साली लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने त्यांना सभासद करून घेतले. त्या संस्थेच्या त्या पहिल्या स्त्री-सभासद होत.

जगाने मात्र त्यांची दुसरीच मूर्ती मनात जपली. रात्री हाती दिवा घेऊन रुग्णांच्या खाटांमधून फिरणारी देवी, हीच ती मूर्ती. ती खोटी नव्हे. त्या रात्री फेरी घालीत, हे खरेच आहे. परंतु दिव्याच्या प्रकाशात त्यांच्या हातातील वही लोकांना दिसली नाही. देवी म्हणून ज्यांचा गौरव झाला, त्यांना स्वतःला मात्र देवी नव्हे, तर शिकलेल्या, जाणत्या परिचारिका निर्माण करावयाच्या होत्या. म्हणूनच १८६० साली त्यांनी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांसाठी शिक्षणसंस्था काढली. तेथे शिकून बाहेर पडलेल्या स्त्रिया देशोदेशी गेल्या आणि सेअरी गॅम्पचे नाव हळूहळू मागे पडले.

यानंतर एक नवाच प्रश्न उभा राहिला. परिचारिका कोणाला म्हणावे? शिक्षण घेतलेली स्त्री स्वतःला परिचारिका म्हणवी आणि न शिकलेली स्त्रीही तोच गणवेश घालून तेच नाव लावी. आजारी माणसाने या दोघींत भेद कसा करावा? एथेल बेडफर्ड फेनविक या इंग्रज परिचारिकेने यावर उपाय सुचवला. ज्यांनी ठरावीक शिक्षण घेऊन परीक्षा दिली असेल, त्यांचीच नावे एका सरकारी नोंदवहीत लिहावीत आणि त्यांनाच नोंदणीकृत परिचारिका म्हणावे, असा तो उपाय होता. १८८७ साली त्यांनी यासाठी परिचारिकांची संघटना स्थापन केली.

आश्चर्याची गोष्ट अशी, की या कल्पनेला खुद्द नाइटिंगेल यांनी विरोध केला. त्यांचे म्हणणे असे, की परीक्षेने ज्ञान मोजता येईल. पण रुग्णाविषयीची आस्था, मनाचा सच्चेपणा, रात्री एकटे असतानाही चोख काम करण्याची वृत्ती ही कोणत्या परीक्षेने मोजावी? वहीत एकदा नाव आले, म्हणजे माणूस जन्मभर चांगला राहतो असे थोडेच आहे? फेनविक यांचे उत्तर सरळ होते. गुणांची आवश्यकता त्यांनाही मान्य होती. परंतु ज्या दारावर पाटीच नाही, त्या दारातून कोणीही आत शिरते, आणि त्याचे फळ निरपराध रुग्णाला भोगावे लागते.

हा वाद तीस वर्षांहून अधिक काळ चालला. न्यूझीलंडने १९०१ साली परिचारिकांच्या नोंदणीचा स्वतंत्र कायदा केला. असे करणारा तो पहिला देश होय. जानेवारी १९०२ मध्ये तेथील नोंदवहीत एलेन डोहर्टी यांचे नाव सर्वप्रथम लिहिले गेले. इंग्लंडमध्ये हा कायदा होण्यास १९१९ साल उजाडावे लागले. तोपर्यंत नाइटिंगेल यांचे निधन होऊन नऊ वर्षे लोटली होती. १९२१ साली इंग्लंडची नोंदवही उघडली, तेव्हा तिच्यातील पहिले नाव अर्थातच एथेल बेडफर्ड फेनविक यांचे होते. भारतात १९४७ साली भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला आणि शिक्षणाचा दर्जा देशभर सारखा राहावा अशी व्यवस्था झाली. २०२३ साली संसदेने त्या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा संमत केला.

या दोन थोर स्त्रियांपैकी कोणाचे म्हणणे खरे? दोघींचेही. परीक्षा माणसाला नाव मिळवून देते. ते नाव सार्थ करणे त्याच्या रोजच्या वागण्यावर अवलंबून असते.

इकडे महाराष्ट्रात हा मार्ग याहूनही बिकट होता. १८९७ साली पुण्यात प्लेगने थैमान घातले. लोक आपल्या घरच्या आजारी माणसांजवळ जाण्यासही भीत. त्या वेळी सावित्रीबाई फुले यांनी पासष्टी ओलांडली होती. त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी पुण्याजवळ दवाखाना उघडला होता. सावित्रीबाई तेथे रुग्णांना आणून पोहोचवीत आणि त्यांची शुश्रूषा करीत. प्लेग झालेल्या एका मुलाला त्यांनी स्वतः उचलून नेले, असे सांगतात. त्यातच त्यांना त्या रोगाने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावापुढे परिचारिका अशी पदवी कधीच नव्हती. त्यांचे काम मात्र तेच होते.

त्यानंतर बारा वर्षांनी, १९०९ साली, पुण्यात रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली सेवासदन ही संस्था सुरू झाली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या निधनानंतर रमाबाईंनी आपले जीवन स्त्रीशिक्षणाला वाहिले होते. सेवासदनात त्यांनी तरुण स्त्रियांना, विशेषतः विधवांना, परिचारिकेच्या शिक्षणासाठी तयार केले. पुण्याच्या ससून रुग्णालयात हे शिक्षण मिळे. आज हे वाचताना त्यात काही विशेष वाटत नाही. परंतु त्या काळी भारतातील रुग्णालयांत परिचारिका बहुतेक युरोपीय, अँग्लो-इंडियन अथवा भारतीय ख्रिस्ती समाजातील असत. परजातीच्या माणसाला स्पर्श करावयाचा, त्याचे मलमूत्र काढावयाचे, रात्रपाळीला घराबाहेर राहावयाचे, हे सारे उच्चवर्णीय घरांत निषिद्ध मानले जाई. “आमची सून रुग्णालयात चाकरी करणार?” असा प्रश्न घरोघर विचारला जाई.

सेवासदनच्या एका समारंभातील प्रसंग रमाबाईंच्या चरित्रात सांगितला जातो. केशवपन केलेली, लाल आलवण नेसलेली एक विधवा पारितोषिक घेण्यासाठी व्यासपीठावर आली. तिला पाहताच सज्जात बसलेले काही विद्यार्थी हुर्यो करू लागले, टर उडवू लागले. समारोपाचे भाषण करण्यास रमाबाई उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांनी त्या विद्यार्थ्यांची कठोर शब्दांत कानउघाडणी केली. दुर्दैवाच्या आघातानंतरही आपल्या पायांवर उभी राहू पाहणाऱ्या भगिनीचा जो उपहास करतो, त्याला सुशिक्षित कसे म्हणावे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. सभागृह शांत झाले. समारंभात पारितोषिक मिळाले ते त्या विधवेला. पण धडा मिळाला तो विद्यार्थ्यांना.

शंभर वर्षांत काळ पुष्कळ बदलला. आज परिचारिका होण्यासाठी तीन वर्षांची पदविका किंवा चार वर्षांची पदवी घ्यावी लागते. शरीररचना, औषधशास्त्र, मानसशास्त्र, बालसंगोपन असे अनेक विषय तिला अभ्यासावे लागतात. पुरुषही आता या व्यवसायात आहेत; रुग्ण त्यांना ‘ब्रदर’ म्हणून हाक मारतात. महाराष्ट्राच्या शासकीय रुग्णालयांतून अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका अशी एकाहून एक वरची पदे रूढ झाली. केंद्र सरकारने २०१६ साली आपल्या रुग्णालयांतील ‘स्टाफ नर्स’ हे पदनाम बदलून ‘नर्सिंग ऑफिसर’ म्हणजे परिचर्या अधिकारी असे केले.

केवळ नाव बदलल्याने काय होते, असे कोणी म्हणेल. त्यात थोडे तथ्यही आहे. त्याच २०१६ साली रेल्वेच्या अर्थसंकल्पात अशी घोषणा झाली, की स्थानकावरील हमालांना यापुढे ‘सहायक’ म्हणावे. नाव चांगले आहे. परंतु डोक्यावरची पेटी त्यामुळे हलकी होत नाही. गावोगावी घरोघर फिरून गर्भवती स्त्रियांची आणि बालकांची विचारपूस करणाऱ्या आशाताईंचेही असेच आहे. २००५ साली ही योजना सुरू झाली, तेव्हा त्यांना स्वयंसेविका म्हटले गेले, आणि पगाराऐवजी कामागणिक मोबदला देण्याचे ठरले. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशाताईंना जागतिक सन्मान दिला. देशाला त्याचा अभिमान वाटला. पण आपल्या श्रमांचे योग्य वेतन मिळावे यासाठी याच आशाताईंना वेळोवेळी रस्त्यावर उतरावे लागले आहे. नुसत्या गोड नावाने पोट भरत नाही. मान द्यावयाचा तर तो शब्दात असावा, वागण्यात असावा आणि वेतनातही असावा.

या गोष्टीची कसोटी २०२० साली लागली. नाइटिंगेल यांच्या जन्माला दोनशे वर्षे होत असल्याने ते वर्ष जगभर परिचारिका आणि सुईणींचे वर्ष म्हणून पाळावयाचे आधीच ठरले होते. त्याच वर्षी कोरोनाची साथ आली. २२ मार्च रोजी सायंकाळी पाच वाजता देशभरातील लोकांनी दारांत, सज्जांत उभे राहून टाळ्या आणि थाळ्या वाजवल्या आणि आरोग्यसेवकांविषयी कृतज्ञता व्यक्त केली. परंतु त्याच दिवसांत, काही ठिकाणी, पाळी संपवून घरी परतणाऱ्या परिचारिकांना शेजाऱ्यांनी अडवले. घरमालकांनी त्यांना खोली सोडण्यास सांगितले. कोठे कोठे आरोग्यसेवकांवर हल्लेही झाले. अखेर २२ एप्रिल २०२० रोजी सरकारला अध्यादेश काढावा लागला आणि आरोग्यसेवकांवरील हल्ला हा अजामीनपात्र गुन्हा ठरवावा लागला. ज्या साथरोग कायद्यात ही दुरुस्ती झाली, तो कायदा १८९७ सालचा. सावित्रीबाईंचा बळी घेणाऱ्या त्याच प्लेगच्या साथीमुळे तो झाला होता.

टाळ्या वाजवणारे लोक आणि दार अडवणारे लोक निराळे होते, असे म्हणून आपली सुटका होत नाही. कधी कधी ते एकच होते. ‘देवी’, ‘माता’, ‘सेवेची मूर्ती’ असे म्हणणे सोपे असते, कारण देवीला घरभाडे द्यावे लागत नाही, झोप लागत नाही, भूक लागत नाही. परिचारिकेला मात्र हे सर्व असते. तिला देवी म्हणण्यापेक्षा ती एक शिकलेली, जबाबदारीचे काम करणारी, थकणारी माणूस आहे, हे ओळखणे हा अधिक मोठा मान होय.

आणि तिची जबाबदारी केवढी असते! औषध देताना तिला पाच गोष्टी पडताळून पाहाव्या लागतात : योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य वेळ आणि योग्य मार्ग. यांपैकी एक चुकली, तरी अनर्थ होऊ शकतो. पाळी बदलताना प्रत्येक खाटेची हकिकत दुसऱ्या परिचारिकेला नीट सांगावी लागते. रात्री दोन वाजता, डॉक्टर समोर नसताना, रुग्णाचा श्वास किंचित बदलल्याचे प्रथम तिच्याच ध्यानात येते. तिने डॉक्टरांना वेळेवर बोलावले म्हणून वाचलेली माणसे गावोगावी आहेत. त्यांतील अनेकांना तिचे नावही ठाऊक नसते.

त्या दिवशी दाराशी उभ्या असलेल्या गृहस्थाच्या ‘शुक शुक’ला ती वळली असती तर? सुई हलली असती, थेंबांची मोजणी चुकली असती. तिने ओ दिली नाही, यात उर्मटपणा नव्हता. त्या क्षणी ती ज्याची शुश्रूषा करीत होती, त्याचेच तिने ऐकले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो मुलगा पुन्हा डबा घेऊन रुग्णालयात आला. परिचारिका आजींचा रक्तदाब पाहत होती. तिच्या गणवेशावर एक लहानशी पट्टी होती. काल ती त्याच्या नजरेतून सुटली होती. तिच्यावर तिचे नाव होते आणि नावाखाली ‘अधिपरिचारिका’ हा शब्द होता. मुलाने तो मनातल्या मनात दोनदा वाचला. तिने पट्टा सोडून आकडा पत्रकावर लिहीपर्यंत तो गप्प उभा राहिला. मग म्हणाला, “सिस्टर, आजीला रात्री दुखते म्हणाली. तुमचे काम झाले की एकदा पाहाल का?”

तिने लेखणी खिशाला लावली आणि आजींकडे वळून विचारले, “कोठे दुखते आजी? सांगा बरे.”

आजी सांगू लागल्या, आणि ती ऐकू लागली.

स्वाध्याय

१. ‘परिचर्या’ आणि ‘शुश्रूषा’ या शब्दांचे मूळ अर्थ सांगा. पाठाच्या शेवटच्या वाक्याचा ‘शुश्रूषा’ या शब्दाशी काय संबंध आहे?

२. परिचारिकांच्या नोंदणीविषयी नाइटिंगेल आणि फेनविक यांची मते कोणती होती? ती आपल्या शब्दांत लिहा.

३. “दिव्याच्या प्रकाशात त्यांच्या हातातील वही लोकांना दिसली नाही.” या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.

४. सेवासदनच्या समारंभात कोणता प्रसंग घडला? ‘धडा मिळाला तो विद्यार्थ्यांना’ असे का म्हटले आहे?

५. ‘देवी म्हणण्यापेक्षा माणूस म्हणून ओळखणे हा अधिक मोठा मान होय.’ हे विधान तुम्हांला पटते का? कारणे देऊन लिहा.

६. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : ओ देणे, थैमान घालणे, टर उडवणे, कानउघाडणी करणे, सिद्धीस जाणे.

७. तुमच्या घरी, शाळेत आणि गावात सेवेचे काम करणाऱ्या पाच व्यक्ती कोणत्या? त्यांची नावे तुम्हांला ठाऊक आहेत का? नसल्यास विचारून घ्या आणि त्यांतील एकीच्या किंवा एकाच्या कामाविषयी दहा ओळी लिहा.